उजवा कौल बापाच्या नावाचा

खरं सांगायचं तर त्या दिवशी मी देवळात देवाशी भांडायलाच गेले होते. दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा चौथ्या महिन्यातच पोट रिकामं झालं. उपास माझे, अंगारे माझ्या कपाळाला, काढे माझ्या घशात, आणि तरी देव गप्प. आता सासूबाई कौल लावणार होत्या, तो लेकाचं दुसरं लग्न करावं का हे विचारायला! गुहागरजवळच्या आमच्या खाडीकाठच्या गावात सोयरीक असो की नवी होडी, ग्रामदेवतेचा कौल घेतल्याशिवाय पान हलत नसे.

गुरवांनी देवाच्या दोन्ही खांद्यांना ओली फुलं चिकटवली. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. मग गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, हिची कूस काय पिकत नाय. घरात दुसरी सून आणायची काय, त्याचा निवाडा दी!" मंडळी म्हणाली, "व्हय म्हाराजा!" मी त्या फुलांवर डोळे रोखले.

पण फूल पडेना. ना उजवं, ना डावं. गुरव घामाघूम झाले. तेवढ्यात खांबाला टेकून उभे असलेले आमचे हे खोकू लागले. हे मासेमारीच्या लाँचवर जात. बरोबर भाकऱ्या कमी आणि बिड्यांची बंडलं जास्त. बंदराला लागलं की बाटली ठरलेली.

पडवीत एक परगावची म्हातारी मासळीची पाटी शेजारी ठेवून आपल्या पाळीची वाट बघत होती. ती तिथूनच ओरडली, "अवो गुरवानू, त्या बायला किती इचारता? ह्या बाबाची हाडं बगा, धुरानं काळा पडलाय! पोर काय एकटीचं आसतं? त्याचा कौल घ्या की!"

सासूबाई उसळल्या. पण गुरव अडलेलेच होते. त्यांनी पुन्हा हात जोडले, "म्हाराजा, खोट बापाच्या अंगात आसंल तर उजवा दी." शब्द तोंडात आहे तोच उजवं फूल टपकन खाली! मी किंचाळलेच, तेही देवळात, सासऱ्यांसमोर! अंगभर काटा आला होता आणि मला रडू की हसू तेच कळत नव्हतं. भानावर येऊन मी पडवीत धावले, तर म्हातारी पाटी उचलून निघून गेलेली. तिला मी देवी म्हणणार नाही, तिच्या लुगड्याला बांगड्याचा चांगला वास येत होता. पण पुन्हा ती कधी दिसली नाही, हेही खरं.

दुसऱ्या दिवशी एसटीने रत्नागिरी गाठली. मी सांगून हे दवाखान्याची पायरी चढले नसते, पण देवाने सांगितल्यावर काय करतात! डॉक्टरीणबाईंनी यांना तपासलं तर रक्तात साखर निघाली. त्या म्हणाल्या, "बाळ दोघांच्या बीजाचं. बापाची बिडी, दारू, साखर या सगळ्याचा त्या बीजावर परिणाम होऊ शकतो. खात्री देत नाही, पण तब्येत सुधारा आणि चार-सहा महिने तरी थांबा."

परतताना यांनी खिशातलं बंडल देवाच्या पायाशी ठेवलं आणि हात जोडून म्हणाले, "आता तूच बघ." तलफ सुटेना म्हणून बिडीऐवजी बडीशेप चघळायचे आणि चिडून माझ्यावरच ओरडायचे. मला तो ओरडासुद्धा गोड लागायचा!

पुढे मला पुन्हा दिवस राहिले. चौथा महिना उलटला तेव्हा आम्ही दोघं एकमेकांकडे बघायलाही घाबरत होतो. आणि एके दुपारी दवाखान्यात मुलगी अशी काही रडली, की बाहेर बाकावर बसलेल्या यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या!

आज वाटतं, मी इतके उपास केले पण मनात हट्टच होता. शरण जाणं मला यांच्या त्या जोडलेल्या हातांनी शिकवलं. देवाचे उपकार कसे फेडू?

लेकीला घेऊन देवाच्या पाया पडायला गेलो. गुरवांनी सवयीने सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा, हिची कूस राखलीस..." हे मध्येच पुढे झाले, "गुरवानू, दोघांचं नाव घ्या. आधी माझं घ्या." गुरवांनी घेतलं. आणि "व्हय म्हाराजा!" म्हणताना सगळ्यांत मोठा आवाज सासूबाईंचा होता.