चाचणी कागदावर की काचेवर, याबाबत

विषय : इयत्ता पाचवीच्या मुलांची चाचणी जुन्या पद्धतीने कागदावर घ्यावी की नव्या पद्धतीने टॅबवर, याबाबत.

संदर्भ : १) वरिष्ठ कार्यालयाचे पत्र. २) वरील पत्र मिळाले का, अशी विचारणा करणारे पत्र. ३) घोडके बाईंचा अर्ज.

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, निवृत्त झालो तरी अशी सुरुवात केल्याशिवाय माझा हात पुढे सरकत नाही. सारी नोकरी नगरला शिक्षणखात्याच्या एका कचेरीत गेली. कोणती ते सांगत नाही; ओळखणारे ओळखतील आणि गप्प बसतील. फायलीचे बरे असते, ठरावीक मुदतीनंतर ती रद्दीत जाते. किश्शाला मुदत नसते. तो साठतच जातो, आणि चार मित्र चहाला जमले की आपोआप बाहेर येतो. वरील एकाच विषयाचे माझ्याकडे इतके किस्से साठले आहेत की स्वतंत्र कपाट लागेल.

पहिले पत्र पावसाळ्याच्या तोंडावर आले. 'जुनी चाचणी आणि नवी चाचणी यांपैकी एक निवडून जिल्ह्याने कळवावे. न कळवल्यास नवी चाचणी पसंत आहे असे समजण्यात येईल.' त्याखाली आणखी एक बारीकसे वाक्य होते. ज्या शाळेची निम्म्याहून कमी मुले चाचणीला हजर राहतील, ती शाळा शेजारच्या मोठ्या शाळेत विलीन करण्याचा विचार होईल.

साहेबांनी सर्व तालुक्यांतून मते मागवली. मते आली. एकूण एक मतांत एकच वाक्य होते : 'वरिष्ठ जो निर्णय घेतील तो योग्यच राहील.'

एका मुख्याध्यापकांनी मात्र जुनी आणि नवी, दोन्ही चौकटींत बरोबरची खूण केली होती. मी फोन केला. "गुरुजी, एकच निवडायची आहे."

"ते ठाऊक हाय भाऊसाहेब. पन तुमच्या साहेबांनी कोनची निवडली ते कळू द्या, मंग मी दुसरी खोडतो!"

*

ते बारीक वाक्य जिल्ह्यात एकाच व्यक्तीने वाचले असावे. घोडके बाई. मिरजगावच्या पुढे आत एक वस्ती आहे, तिथल्या शाळेवर त्या एकट्या शिक्षिका. वस्तीतली बहुतेक घरे दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात, ती थेट गुढीपाडव्याच्या सुमारास परततात. जुनी चाचणी एप्रिलमध्ये असायची, तेव्हा पोरे घरी असत. नवी ठेवली होती संक्रांतीनंतर. तेव्हा पोरे सोनईकडे, कारखान्याच्या तळावर, कोप्यांत, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांत.

बाई एस.टी.ने आल्या आणि माझ्या टेबलासमोर बसल्या. "भाऊसाहेब, जुनी ठेवा. नवी आली तर माझी शाळा गेली. पोरं महामार्ग ओलांडून दुसऱ्या शाळेत जायची न्हाईत. मोठी काय, धाकटी काय, सगळी बाराही महिने आई-बापासंगं फडातच राहतील."

"निर्णय साहेबांच्या हातात आहे, बाई."

"साहेबांच्या हातात लई कायकाय असतं. त्यात ह्ये दिसायचं न्हाई त्यांना."

त्यांनी अर्ज दिला. जुनी चाचणी ठेवावी. ते शक्य नसल्यास मुलांना तळाजवळच्या, सोनईकडच्या केंद्रावर बसण्याची परवानगी मिळावी. बाकीचे टपाल येत होते ते विचारणा करणारे. हे एकच काहीतरी मागणारे होते. त्यामुळे ते फाईलमध्ये सर्वांत खाली गेले.

*

निर्णय व्हायच्या आधीच टॅब आले. (आमच्याकडे वस्तू आधी येते आणि तिची गरज मागून मंजूर होते.) दोन महिने सराव घ्या, असा आदेश सुटला. दोन महिन्यांनी साहेब तपासणीला निघाले. सोबत मी, फायली धरायला.

पहिल्याच शाळेत मुख्याध्यापकांनी कपाट उघडून खोके काढले. कंपनीची चिकटपट्टी जशीच्या तशी! त्यावर आडवी सुतळी, सुतळीवर लाख. मुख्याध्यापक अभिमानाने म्हणाले, "बघून घ्या साहेब. सील शाबूत हाय. माझ्या चार्जमधली वस्तू हाय ती, ओरखडा सुदिक पडू दिला न्हाई."

साहेबांचा चेहरा लाखेसारखाच झाला. "मग मुलांनी सराव कशावर केला?"

"खोक्यावर चित्र हाय की साहेब टॅबचं. रोज परिपाठानंतर ओळीनं येत्यात आन् चित्रावर बोट टेकवून जात्यात!"

साहेबांनी एका मुलीला बोलावून विचारले, "काय गं, जमतं का टॅब?" ती म्हणाली, "जमतो. पन उत्तर दिलं तरी त्यो काय बोलत न्हाई."

*

नेवाशाकडच्या एका शाळेत खोके उघडले होते. उघडले म्हणजे रीतसर, नारळ फोडून. गावातल्या बायांनी प्रत्येक टॅबची हळद-कुंकू लावून पूजा केली. कंपनीचा एक तरुण मुद्दाम पुण्याहून आला होता, गळ्यात ओळखपत्र आणि तोंडात 'सुपर!' एवढा एकच शब्द. तो म्हणाला, "आता प्रत्येक मुलाचा चेहरा टॅब स्वतः ओळखेल. सुपर!"

टॅब ओळखेना. 'चेहरा दिसत नाही, कृपया उजेडात या.' मुले व्हरांड्यात आली. मग अंगणात. मग भर उन्हात झेंड्याजवळ. टॅबचे म्हणणे एकच, उजेडात या!

अखेर त्या तरुणाने एक टॅब डोळ्यांजवळ धरला आणि किंचाळला, "कॅमेऱ्यावर कुंकू कोणी लावलं?"

सरपंचबाई पुढे झाल्या. "आमी लावलं. वरच्या अंगाला मधोमध बारका गोल हाय ना? म्हटलं कंपनी जाणती हाय, कुंकवाला जागा ठेवली."

त्याने खिशातून रुमाल काढला. तो कुंकू पुसणार एवढ्यात बायांनी गलका केला. "अवो पुसताय काय! पूजेच्या दिवशी कुंकू पुसत्यात व्हय? आपल्या घरी असंच करता का?"

रुमाल परत खिशात गेला. त्या दिवशीचा अहवाल फाईलला आहे : 'तांत्रिक कारणास्तव सराव चाचणी होऊ शकली नाही.' कारणाचा रंग अहवालात नमूद नाही.

*

जुनी चाचणी म्हणजे काही धुतल्या तांदळासारखी होती असे समजू नका. कागदी प्रश्नपत्रिका नेहमी चार-दोन कमी यायच्या. एकदा एका गुरुजींनी आदल्या दिवशी, तोही नेमका बाजाराचा दिवस, झेरॉक्सच्या दुकानातून प्रती काढल्या. दुसऱ्या दिवशी गावातल्या सर्व मुलांना सर्व उत्तरे आली. चौकशीला आम्ही दुकानात गेलो. प्रश्नपत्रिकेची एक प्रत दुकानाच्या काचेवर, आतून, रस्त्याकडे तोंड करून चिकटवलेली!

"नमुना म्हनून लावली साहेब," दुकानदार म्हणाला. "प्रिंट लई स्वच्छ आल्ती."

*

मग शिक्षकांची रंगीत तालीम झाली, नगरच्या सभागृहात. सर्वांत पुढच्या रांगेत रघुनाथ गुरुजी. यांच्या हाताखालून अर्धा तालुका शिकून गेला आणि प्रत्येकाच्या डोक्यात त्यांनी एक वाक्य ठोकून बसवले : "आधी सगळा पेपर शांतपणे वाचा, मग पेनाचं टोपण काढा." गुरुजी स्वतःही त्याच शिस्तीचे. पहिला प्रश्न वाचला, 'पुढे' दाबले. दुसरा वाचला, 'पुढे' दाबले. असे मान डोलवत शेवटपर्यंत गेले. मग चष्मा पुसला, बाह्या सरसावल्या आणि पाहतात तो पडद्यावर, 'धन्यवाद. आपली चाचणी पूर्ण झाली. गुण : शून्य.'

गुरुजींनी कंपनीच्या त्याच तरुणाला हाक मारली. "अहो, मी अजून सुरुवात कुठे केलीय?"

"सर, तुम्ही शेवट केलाय."

गुरुजींनी मत नोंदवले : 'नवी चाचणी जलद आहे.'

*

आमचे अधीक्षक शमुवेल साळवे. माणूस शांत. रविवारी चर्च आणि उरलेले दिवस फायली, दोन्हीकडे तेवढ्याच श्रद्धेने जाणार आणि दोन्हीकडे उत्तराची घाई करणार नाही. दसऱ्याच्या आधी मी आणि साळवे घोडके बाईंच्या वस्तीवर सराव बघायला गेलो. बाईंनी टॅब केव्हाच उघडला होता. त्याची काच मुलांच्या बोटांनी इतकी चिकट झाली होती की माशी बसली तर उडणार नाही.

नव्या चाचणीची एक खुबी होती. उत्तर बरोबर आले की टॅब पुढचा प्रश्न अवघड टाकतो, चुकले की सोपा. पाचवीतली सुनीता नावाची पोर भराभरा बरोबर उत्तरे देत होती. मध्येच थांबली आणि धडाधड चुकीची देऊ लागली.

साळवे वाकले. "बाळ, येत होतं ना तुला? चुकीचं का देतेस?"

ती म्हणाली, "ह्यो आमच्या ऊसतोडीच्या मुकादमावानी हाय. एक मोळी बिनबोभाट उचलली की दुसरी जड देतो. मला ठाऊक हाय ह्येचं!"

परतताना जीप नगरच्या वेशीला आली तेव्हा साळवे म्हणाले, "भाऊसाहेब, आपल्या ऑफिसात नवीन माणसाला आपण हेच शिकवतो."

*

अकोले तालुक्यातला सरावाचा निकाल अनपेक्षितपणे चांगला लागला. भंडारदऱ्याकडच्या एका शाळेत नेट नव्हते, म्हणून मुख्याध्यापकांनी सराव जवळच्या हॉटेलच्या जेवणाच्या दालनात घेतला. मालक भला माणूस. त्याने मुलांना बसल्या जागी गरम पोहे दिले. मुख्याध्यापकांनी लेखी शिफारस केली : 'नवी चाचणी उत्तम. मात्र पोह्यांसह कायम करावी.'

*

एवढे सगळे जमेला धरून साहेबांनी उत्तराचा मसुदा करायला सांगितला. मी लिहिले, 'जुनी चाचणी ठेवावी.' साहेबांनी 'जुनी' खोडून 'नवी' केले. दुसऱ्या दिवशी 'नवी' खोडून 'दोन्ही' केले. तिसऱ्या दिवशी 'दोन्ही' खोडून 'यथोचित' केले. मसुदा स्वच्छ टाईप होईपर्यंत मुदत संपली, आणि नवी चाचणी जिल्ह्याला पसंत आहे असे समजण्यात आले.

दिवाळी झाली. घोडके बाईंची वस्ती रिकामी झाली. बाई पुन्हा आल्या. "जुनी गेली ना? आता परवानगीचं तरी बघा."

"अर्ज साहेबांच्या टेबलावर आहे, बाई."

"टेबलावर कुठं?"

"खालच्या बाजूला."

बाई हसल्या, पण त्यांचा पदर मुठीत आवळलेला होता. "बरं. निदान माझ्या प्रतीवर पोच तरी द्या."

आवक-जावकची जागा रिक्त असल्याने ते टेबलही माझ्याकडेच होते. मी अर्जाच्या प्रतीवर पोचेचा गोल शिक्का मारला, आवक क्रमांक टाकला, सही केली. म्हणजे अर्ज मिळाला, एवढेच.

चाचणीच्या दिवशी बाई उजाडताच सोनईकडच्या तळावर पोहोचल्या. मुकादम आडवा आला. "बाई, पोरं गेली तर कोप्या कोन राखनार? बारकी लेकरं कोन सांभाळनार?"

"तुमी सांभाळा की. मानसं सांभाळता, लेकरं जड जात्यात व्हय?"

बाया हसायला लागल्या. मुकादमाचा नाईलाज झाला. तो एक रडके पोर मांडीवर घेऊन कोपीच्या दारात बसला. वस्तीची सगळी मुले रिकाम्या ट्रॉलीत बसून केंद्रावर आली. फाटकात केंद्रसंचालक उभे. "ही पोरं माझ्या यादीत नाहीत. वरून परवानगी आहे का?"

बाईंनी पिशवीतून अर्जाची प्रत काढून त्यांच्या हातात दिली. संचालकांनी कागद लांब धरला, जवळ धरला. गोल शिक्का पाहिला. क्रमांक पाहिला. सही पाहिली.

"अहो बाई, मग हे आधी नाही का सांगायचं! शिपाई, फाटक उघड!"

पुढे बाई मला म्हणाल्या, "मी एक अक्षर खोटं बोलले न्हाई भाऊसाहेब. त्यांनी परवानगी मागितली, मी कागद दिला."

निकाल आला. त्या वस्तीशाळेची हजेरी पूर्ण! तालुक्यात इतर कुणाचीच पूर्ण नव्हती. विलीन करायच्या शाळांची यादी आली, तीत बाईंची शाळा नव्हती. साहेब खूश. त्यांनी अभिनंदनाचे पत्र स्वतः सांगून लिहून घेतले.

पत्र सहीला गेले तेव्हा साळवे हळूच म्हणाले, "साहेब, या बाईंचा परवानगीचा अर्ज आपल्याकडे प्रलंबित आहे."

साहेबांचे पेन थांबले. "मग ही मुलं बसली कशी?"

"ते अर्जात नाही, साहेब."

"आता परवानगी दिली तर?"

"तारीख आजची पडेल. विचारतील, आधी कशी बसली."

"आणि नाकारली तर?"

"मग अभिनंदनाचं पत्र फाडावं लागेल."

साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. मग पत्रावर सही केली आणि अर्जावर लिहिले, 'चर्चा करावी.'

पुढच्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास बाई पुन्हा माझ्या टेबलासमोर. हातात नवा अर्ज, तोच विषय, आणि त्याची प्रत.

मी म्हणालो, "बाई, गेल्या वर्षीचाच अजून निघाला नाही. हा कधी निघायचा?"

"निघू द्या की सावकाश," बाई म्हणाल्या. "तुमी फकस्त शिक्का मारा."

मी मारला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी निवृत्त झालो. चार्ज देताना पाहिले, पहिला अर्ज चर्चेसाठी प्रलंबित होता. दुसराही प्रलंबित आहे.