कांबळे मॅडमचे दोन म्हातारे

बंद पडलेलं मशीन आधी बंद करा, असं सांगणारं माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिलं. लातूरच्या कांबळे मॅडम. नायगावजवळ पाझर तलावाचं काम चालू होतं, तिथं त्या एस.टी.नं आल्या. पाठीवर बॅग, गळ्यात डॉक्टरच्या नळीसारखा वायरी तपासायचा मीटर आणि केसांत सगळ्या रस्त्याची धूळ. राम राम व्हायच्या आत मला म्हणाल्या, "काका, आधी मेन स्विच बंद करा."

मी म्हणालो, "बाई, ते बंदच पडून राहिलंय. म्हणून तर तुम्हाला बोलावलं."

"बंद पडणं येगळं, बंद करणं येगळं. घरात सगळे एकदम वरडून राहिले तर आधी गप बसवावं लागतं. मग इचारावं, काय झालं."

मला राग आला. मी चौथीपर्यंत शिकलो, पण माझी हयात पोकलेनच्या सीटवर गेली. बकेट जमिनीला टेकली की खाली मुरूम आहे का काळा दगड, ते मला बुडाखालून कळतं. पण त्या दिवशी माझी सीटच जायच्या बेतात होती, म्हणून गप स्विच बंद केला.

झालं होतं असं. मालकांनी, म्हणजे मारोतरावांनी, नवीन मशीन घेतलं. दसऱ्यापर्यंत ते लोण्यात सुरी चालावी तसं चाललं. दसरा झाला आणि भरली बकेट उचलली की इंजिन दम सोडायला लागलं. समोरच्या पडद्यावर लाल अक्षरं यायची आणि थोड्या वेळानं ते आपलं आपण शहाणं व्हायचं. मी म्हणालो, डिझेलमध्ये पाणी आहे. फिल्टर बदलला, टाकी उपसली, फरक नाही. मालक सगळ्यांसमोर मला म्हणाले, "मामा, मशीन बरं हाय. तुमचा हात थरथरून राहिलाय. देगलूरचा ऑपरेटर बोलावलाय, सोमवारी येतोय." तिथं मालकांचे वडील, आबा, खुर्ची टाकून बसले होते. आबा ठार बहिरे. त्यांनी मान डोलावली. ते सगळ्यालाच डोलावतात, पण मला ते लागलं.

तर मॅडम आल्या त्या शनिवारी. मालकांना घाई. "मॅडम, लॅपटॉप लावा की."

"लावते. आधी चहा, मग माणसं, मग वायर. लॅपटॉप शेवटी."

"त्यात बिघाडाचा कोड येतोय ना सगळा?"

"कोड चुगलखोर असतो, मालक. कोण बोललं न्हाई तेवढं सांगतो. तोंड कोणी दाबलं, ते सांगत न्हाई."

चहा झाला. केबिनमध्ये माहूरच्या देवीचा फोटो दिसला, तशा मॅडम बूट खाली काढून चढल्या. "मी मानत न्हाई, पण ज्याचं घर त्याची रीत," म्हणाल्या. तिथं माझं मन थोडं नरम पडलं, पण तोंडावर दाखवलं नाही. त्यांनी एका जागी मीटरच्या दोन सुया टोचल्या आणि मला आकडा दाखवला. "काका, हितं साठ ओम पायजे. एकशेवीस आलंय."

मी म्हणालो, "मग चांगलंच की! दुप्पट आलंय."

"ओ काका, बीपी असतं तर एकशेवीसला पेढे वाटले असते. हितं साठच पायजे." मग त्यांनी मला समजावलं, आणि खरं सांगतो, इतकं सोपं करून मला कोणीच कधी सांगितलं नव्हतं. "ह्या मशीनला तीन डोकी. एक इंजिनाचं, एक पंपाचं, एक पडद्याचं. तिन्ही एकाच वायरीच्या जोडीवर बोलतात. त्या वायरीच्या दोन टोकांला दोन म्हातारे बसलेले असतात. काम करत न्हाईत, बोलत न्हाईत. पण आलेला शब्द पोटात घालतात. एक म्हातारा उठला की शब्द आपटून माघारी येतो आणि कोण काय बोललं, कोणालाच उमगत न्हाई. दोघं मिळून साठ. एकटा राहिला की एकशेवीस. एकटं म्हातारं माणूस डबल अडून बसतं."

मालक हसले. मी हसलो नाही. माझी बायको जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मॅडमला ते काय माहीत.

"तर एक म्हातारा गायब हाय," त्या खाली बघून म्हणाल्या. "दसऱ्याला मशीनला काय काय केलं?"

मालक म्हणाले, "पूजा केली. हार घातला. देवी पाठीशी असावी म्हणून सीटमागं फोटो लावला."

"तिथं काही काढलं का?"

मालकांनी मान खाजवली. "एक काळं टोपण होतं. त्याच्यातून वायर कुठंच जात नव्हती. बिनकामाचं. फोटो नीट टेकत नव्हता, म्हणून उपटलं."

"कुठाय?"

"फेकलं न्हाई, मॅडम! नव्या मशीनचा भाग, फेकावा कसा? देवीपाशी ठेवलंय."

मी फोटोखालचा कुंकवाचा करंडा उघडला. आत अंगठ्याएवढं टोपण, हळदी-कुंकवानं माखलेलं, वर दोन अक्षता. मी रोज सकाळी त्याच्यासमोर उदबत्ती लावत होतो.

"देवीनं सांभाळून ठेवलाय बघा म्हातारा," मॅडम म्हणाल्या. टोपण ब्रशनं साफ केलं, जागेवर दाबलं. मीटरवर साठ. मग मला म्हणाल्या, "काका, बसा. दाखवा."

सगळी साइट उभी राहून बघत होती. मी मुद्दाम कडेचा काळा दगड धरला. बकेट गच्च भरली, उचलली, फिरवली, ओतली. पुन्हा भरली. इंजिन एकदाही विव्हळलं नाही. मालक चपलेनं माती उकरत उभे.

मॅडम त्यांना म्हणाल्या, "ऑपरेटर हलवू नका. देवी चार बोटं सरकवा."

देगलूरच्या ऑपरेटरला मालकांनी फोनवरच थांबवलं. आणि डिझेलमध्ये पाणीही होतंच, हे मी आजही सांगतो.

पुढं मॅडम बऱ्याचदा आल्या. प्रत्येक वेळी आधी चहा. आता ती पोर ओडिशाकडं कुठल्या खाणीवर मोठ्या कामावर गेली आहे. जाताना निरोप घ्यायला आली तेव्हा कोणीतरी तिला माझ्या बायकोचं सांगितलं असावं, कारण त्या दिवशी ती कधी नव्हे ती कमी बोलली.

अजून अधूनमधून फोन येतो. "जय भीम, काका. किती?"

मी खोटं बोलत नाही. "एकशेवीस."

"मग बसवा की कोणाला तरी दुसऱ्या टोकाला."

मग मी ओट्यावर दुसरी खुर्ची टाकतो आणि मालकांच्या घरून आबांना हात धरून घेऊन येतो. त्यांना काही ऐकू येत नाही. मी मालकाच्या तक्रारी सांगतो, डिझेलच्या पाण्याचं सांगतो, घरातलंही सांगतो. आबा चहा पितात आणि मान डोलावतात.