ग्लोव्हज कोणाच्या मापाचे?

गेल्या महिन्यात एका शनिवारी मी मरोळला गेले होते, साप हाताळायचे ग्लोव्हज घ्यायला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी… माझ्याकडे बोरिवलीच्या घरात एक बॉल पायथन आहे. बिनविषारी, वन खात्याकडे रीतसर नोंद केलेला. रंगावरून त्याचं नाव आमसूल ठेवलंय. तीन वर्षं शहाण्यासारखा राहिला आणि त्या शनिवारच्या दोन आठवडे आधी माझ्या मनगटाला कडकडून चावला. चूक माझीच. त्याचा उंदीर चिमट्यात धरताना हाताला वास लागला होता आणि मी हात न धुता पेटीत घातला.

मी घाबरून हात खेचला. त्याचे दात सुईसारखे बारीक आणि आत वळलेले असतात, त्यामुळे खेचलं की जास्त फाटतं. रक्त बरंच आलं. डॉक्टरांनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि वर लेक्चरही.

म्हणून मरोळ. तिथे कारखान्यांसाठी सेफ्टीचं सामान विकणारी दुकानं आहेत. दुकानातल्या काकांना मी खरं काय ते सांगितलं. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि काउंटरवर ग्लोव्हजचा ढीग मांडला.

वेल्डिंगचे कोपरापर्यंतचे ग्लोव्हज घालून बघितले. दात आत जाणार नाहीत हे नक्की, पण बोटांना काही कळतच नव्हतं. साप किती जोरात दाबला जातोय तेही कळलं नसतं. मग त्यांनी काच कारखान्यात वापरतात ते विणलेले दिले. मी खूश झाले, तर काकांनीच एक टाचणी घेऊन त्यातून आरपार घातली. "हे पात्यासाठी, टोकासाठी नाही."

शेवटी पातळ, मऊ चामड्याचे निघाले. हाताला घट्ट बसणारे. मी पैसे काढायला लागले तेवढ्यात काका म्हणाले, "साईझ नीट बघा. वापरणार कोण?"

"मीच."

"दुसरं कोणी हात लावत नाही ना त्याला?"

मी "नाही" म्हणायला तोंड उघडलं… आणि थांबले.

आमच्याकडे नंदाताई येतात. दहिसरहून, गेली सहा वर्षं. पेटीतला कागद बदलणं, पाण्याचं भांडं घासणं हे त्याच करतात. साप आणला तेव्हा ठरलं होतं की मी साप बाहेर काढायचा आणि मग त्यांनी साफ करायचं. पण वर्षापूर्वी माझी ऑफिसची वेळ बदलली. मी आठला निघते, त्या दहाला किल्लीने दार उघडून येतात. पेटी मात्र दर आठवड्याला स्वच्छच असायची. साप कोण उचलतं, हे मी कधी विचारलंच नाही.

ग्लोव्हज न घेताच घरी आले.

सोमवारी मुद्दाम उशिरा निघाले. नंदाताईंना सरळ विचारलं. त्या म्हणाल्या, "जुना टॉवेल गुंडाळते ना हाताला आणि टबात ठेवते. शांत असतो बिचारा."

"कधी चावलाय का तुम्हाला?"

त्यांनी पदराला हात पुसले. मग उजवा हात पुढे केला. अंगठ्याखाली बारीक ठिपक्यांची अर्धगोल खूण होती, फिकट झालेली. दिवाळीच्या आधीची. म्हणजे कित्येक महिने तो हात माझ्यासमोर चहा ठेवत होता.

"सांगितलं का नाहीत?" माझा आवाज चढला होता, त्यांच्यावर नाही… पण चढला होता.

"सांगितलं असतं तर तुम्ही मला पेटीला हात लावू दिला नसता. मग त्याचं पाणी कोण बदलणार होतं?" आणि मग खाली बघत, "काम जाईल ही पण भीती होती. खोटं कशाला बोलू?"

"विषारी नाही हे तर मी सांगितलं होतं ना…"

"सांगितलं होतंत. पण ताई, सांगणं वेगळं आणि चावल्यावर विश्वास बसणं वेगळं. दोन दिवस बोटं हलवून बघत होते. पोरीलाही बोलले नाही."

दोन दिवस ही बाई आपण जगतोय की नाही हे बघत होती, आणि त्या दोन्ही दिवशी आमच्या घरी येऊन भांडी घासून गेली होती.

त्याच दिवशी त्यांना डॉक्टरकडे नेलं. पुढच्या शनिवारी आम्ही दोघी मरोळला गेलो. काकांकडे नंदाताईंच्या मापाचे नव्हतेच. तिसऱ्या दुकानात मिळाले. नंदाताईंनी ते घालून काउंटरवरची टाचणी उचलून बघितली आणि मगच मान हलवली.

मनगटाच्या वरच्या उघड्या हातासाठी डेनिमचं जॅकेट घेऊ म्हटलं, तर त्यांनी मला वेड्यात काढलं. "मे महिन्यात मरायचंय का?" माझ्या जुन्या जीन्सचे पाय कापून, इलॅस्टिक घालून त्यांनी घरी मशीनवर बाह्या शिवल्या. दोन जोड्या. एक त्यांची, एक माझी.

आता नियम पक्के आहेत. साप मी निघायच्या आधी बाहेर काढते, झाकणाच्या टबात ठेवते. नंदाताई फक्त रिकामी पेटी साफ करतात. तरी ग्लोव्हज आणि बाह्या घालूनच. खाणं दिल्यावर दोन दिवस पेटी कोणीच उघडायची नाही.

पाळलेला प्राणी चावू शकतो, हे स्वीकारूनच मी त्याला घरी आणलं होतं. पण ते मी स्वीकारलं होतं… नंदाताईंना कोणी विचारलंच नव्हतं.

त्यांनी आजवर एकदाही मला हे ऐकवलेलं नाही. ऐकवलं असतं तर बरं वाटलं असतं.