मधली जागा

आज उशीचे अभ्रे शिवायला छापील कापड अंथरलं आणि कात्री नेमकी एका फुलाच्या मधोमध आली. हात थांबला. तो वर्ग आठवला.

तेव्हा मी पंचेचाळिशीची होते. मखमलाबादच्या आमच्या मळ्यात जन्मभर झेंडू तोडला, आणि मुलीने हट्टाने नाशिकला कापडावरची नक्षी शिकवणाऱ्या वर्गात नाव घातलं. पंधरा दिवस खपून मी कागदावर एकच झेंडू रंगवला होता, पाकळीन् पाकळी. मुलीच्या वयाच्या मॅडमनी तो पाहिला, "सुंदर आलाय," म्हणाल्या आणि कात्री पुढे केली. "आता मधून कापा, काकू. उभा आणि आडवा."

"चांगला आलाय तर कापू कशाला?"

"कापडावर तो पुन्हा पुन्हा छापायचा ना. बाहेरच्या कडा आत जुळवल्या की दोन छाप्यांमधला जोड दिसत नाही."

मला काही कळेना. तरी कापला. त्यांनी चारही तुकड्यांची अदलाबदल करून ते चिकटवले. झेंडू चार कोपऱ्यांत गेला आणि मधोमध नुसता पांढरा कागद उरला. ओल्या डिंकाचा वास येत होता.

"आता ही जागा भरा," त्या म्हणाल्या.

"काय काढू?"

"तुम्हाला हवं ते."

असं मला कोणी कधी म्हटलं नव्हतं. वर्ग सुटेपर्यंत ब्रश धरून बसले, जागा कोरीच राहिली. फूल कापलं म्हणून हात चालत नाही, असं तेव्हा वाटलं. आता तसं खात्रीने सांगता येत नाही.

अभ्रे बाजूला ठेवले. ट्रंकेतून तो कागद काढला, ब्रश ओला केला आणि पुन्हा तशीच बसले.