पुढची डावी सीट

२००७ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला नाशिकरोडला आमच्या बिल्डिंगखाली एक जोडपं गाडी बघायला आलं. मी पहिल्यांदाच काहीतरी विकायला काढलं होतं... आमची पांढरी मारुती.

यांना जाऊन आठ महिने झाले होते. मला गाडी चालवता येत नाही, म्हणून ती कव्हरखाली नुसती उभी. पण खरं कारण वेगळं होतं. दर रविवारी बिल्डिंगमधल्या बायका नवऱ्याशेजारी पुढच्या सीटवर बसून कुठे कुठे निघायच्या आणि मी गॅलरीतून बघायचे. जळायचे मी. दुसरा शब्द नाही.

ऑफिसातल्या मीनलने नेटवर जाहिरात टाकून दिली. "लायसन्स बघा, त्याची झेरॉक्स ठेवून घ्या, किल्ली देऊन एकट्याला पाठवू नका," असं तिने चारदा बजावलं होतं.

नांदगावहून नणंदेचा फोन आला. "वहिनी, गाडी विकतेस की सवत घालवतेस?" तिचंही बरोबर होतं. हे दर रविवारी तासभर ती गाडी धुवायचे. माझ्या साडीचा रंग कधी लक्षात आला नाही, पण बंपरवरचा ओरखडा लांबून दिसायचा...

तर ते जोडपं. तिशीच्या आतबाहेरचं, नीटनेटकं. वर आले, चहा घेतला. त्या मुलीने यांच्या फोटोला हात जोडले. आता अशा माणसांना "लायसन्स दाखवा" कसं म्हणायचं? जिभेवर आलं होतं, पण भीड वाटली. मी पहिल्यापासून अशीच.

खाली आल्यावर तो म्हणाला, "काकू, तुम्ही कशाला उन्हात येता? सिन्नर फाट्यापर्यंत एक चक्कर मारून आलोच आम्ही."

मी किल्ली देणारच होते. तेवढ्यात ती पुढचं डावं दार उघडून आत बसली आणि पदर सावरत म्हणाली, "अहो, ही सीट किती मस्त आहे! इथून हलूच नये असं वाटतंय."

माझ्या डोक्यात काय गेलं कोण जाणे. मी म्हणाले, "तू मागे बस. ती माझी जागा आहे."

ती हसली. "अहो काकू, यांच्या शेजारी मी बसते ना!"

"मागे बस," मी पुन्हा म्हणाले. त्याने तिला डोळ्यांनी खुणावलं आणि ती मागे गेली.

इथे एक सांगायला हवं. हे एकलहऱ्याच्या वीज केंद्रात इलेक्ट्रिशियन होते. त्यांनी गाडीला स्वतः चोर स्विच बसवला होता, म्हणजे एक लपवलेलं बटण. दाबलं की इंजिन बंद, आणि पुन्हा दाबल्याशिवाय किल्लीने चालू होत नाही. सगळे ते ड्रायव्हरच्या बाजूला बसवतात. यांनी डावीकडे बसवलं, मॅटखाली, माझ्या टाचेशी. "तिकडे कोणी शोधणार नाही," म्हणाले. हे गाडी थांबवायचे, मी टाच दाबायचे, मग हे किल्ली काढायचे. अकरा वर्षं आमची गाडी मीच बंद करत होते.

तर मी पुढे बसले, टाच दाबली, त्याने किल्ली फिरवली आणि आम्ही निघालो. फाट्याच्या अलीकडे एका रसवंतीसमोर त्याने गाडी बाजूला घेतली. इंजिन चालूच. "काकू, मागच्या चाकात हवा कमी वाटतेय. जरा उतरून बघता का?"

मी उतरले... आणि उतरताना सवयीने टाच दाबली गेली. ठरवून नाही हो. संशयसुद्धा आला नव्हता.

चाकाशी वाकले तर हवा ठीक होती. आणि पुढून धाडकन दार लागल्याचा आवाज. मग घर्र... घर्र... घर्र... तो किल्ली फिरवत होता. मी धावत पुढे आले. दार आतून लॉक. ती मुलगी दोन सीटच्या मधून पुढे सरकून माझ्या जागेवर बसली होती, आणि तिची सँडल त्या बटणापासून वीतभर लांब!

गाडी चोरीला चालली होती माझी. पण खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला गाडीचं काही वाटलं नाही. ही पुन्हा माझ्या जागेवर बसली, एवढंच दिसत होतं. मी काचेवर दोन्ही हात आपटले. "ऊठ! ऊठ तिथून!" जन्मात एवढ्या मोठ्याने ओरडले नव्हते.

रसवंतीवरची माणसं धावत आली. दोघं खाली उतरली. "काकू, तुमची गाडीच बंद पडली की," असं वर मलाच म्हणत समोरच्या रिक्षात बसून गेली. त्यांचा फोन नंतर कधी लागला नाही.

रसवंतीवाले दादा म्हणाले, "ताई, धक्का मारायचा का?" मी माझ्या जागेवर बसले, टाच दाबली आणि म्हणाले, "किल्ली फिरवा." लगेच चालू झाली. "आयला, तुमच्या हाताला यश हाय," म्हणाले ते, आणि घरापर्यंत गाडी आणून दिली.

चौकीत हवालदारसाहेबांनी विचारलं, "लायसन्स बघितलं नाही, पत्ता घेतला नाही... मग गाडी वाचली कशी?" मी म्हणाले, "बंद पडली." बाकीचं सांगायला लाज वाटली. आज एवढ्या वर्षांनी इथे लिहितेय.

महिन्याभराने विंचूरच्या एका जोडप्याला गाडी दिली. या वेळी लायसन्स पाहिलं, झेरॉक्स घेतली, मीनलच्या मिस्टरांना सोबत बोलावलं. तुम्हीही हे सगळं करा. माझ्यासारखं नशिबावर सोडू नका.

जाताना त्या बाईला पुढे बसवून बटण दाखवलं. मनात आलं, हिचा पाय पोचू नये. पहिल्याच वेळी पोचला... गाडी गेटबाहेर गेली तेव्हा तिने हात केला. मी जरा उशिराच केला.

यांनी त्या गाडीला कधी कोणाला हात लावू दिला नाही. मलाही नाही. पण ती बंद करायचं काम मला दिलं होतं. अजूनही कोणाच्या गाडीतून उतरताना माझी डावी टाच आपोआप दाबली जाते.