कांडपवाल्या मामांचं विष

मामा फार गोड बोलायचे, आणि कोल्हापुरात त्याचीच पंचाईत होती. इथं माया करतानासुद्धा माणसं खेकसतात. त्यामुळं त्यांच्या कांडपाच्या गिरणीत मिरची कांडायला पहिल्यांदाच आलेली बाई, "या वैनी, उन्हातनं आलाय, आधी पाणी घ्या. मिरची काय पळून जातीया व्हय?" हे ऐकून आधी वजनकाट्याकडं बघायची.

मी आठवीत शाळा सोडून किनवटकडून आलेलो. इतक्या लांबून, की माझी भाषाही इथं लोकांना गंमतच वाटायची. प्रत्येक गोष्टीत आपण येडे ठरू अशी धास्ती असायची. कुठंही कुणी हसलं की वाटायचं, आपल्यालाच. मामांनी कांडपावर काम दिलं, मागची खोली दिली. माझं काही चुकलं तर म्हणायचे, "माझंच सांगायचं चुकलं." खरंच त्यांचं चुकलंय का, हे मी बरेच दिवस शोधत होतो!

मामांना नाटकाचा नाद. गणपतीत गल्लीच्या नाटकात ते कायम खलनायक. "हिरोनं नुसतं चांगलं दिसायचं असतंय," म्हणायचे, "व्हिलनला समोरच्याची काळजी घ्यावी लागती." म्हणजे काय, असं विचारलं तर नुसते हसायचे. एकदा तरी पडद्यावर दिसायचं, ही त्यांची जुनी इच्छा.

मग पेठेतल्याच एकानं हौसेनं पिक्चर काढला. रहस्यपट. पन्हाळ्यावरचा बंगला, तिथं उतरलेले पाहुणे, आणि त्यांना दुधातून विष देणारे डॉक्टर म्हणजे मामा. रहस्य कसलं डोंबलाचं, पोस्टरवरच मामांच्या हातात पेला होता! पहिला पाहुणा दूध पिऊन मरतो, दुसरा मरतो, तिसरा मरतो, तरी चौथा पितोच. चौथ्याचं काम करणारा आला नाही, म्हणून दिग्दर्शकानं मलाच उभं केलं.

मामा त्याच्याशी भांडले. "तिघं मेल्यावर चौथा कसा पिईल हो? काय तरी कारण द्या की पोराला."

"मामा, सस्पेन्स हाय. पितोय म्हंजे पितोय."

गावाकडं हा पिक्चर कुणी पाहिला तर? शाळा सोडली ती सोडली, वर पडद्यावरही येडा. मामा जवळ आले. "भिऊ नगंस. तू येडा दिसणार न्हाईस. ते माज्याकडं लागलं."

कॅमेरा सुरू झाल्यावर त्यांनी पेला लगेच दिलाच नाही. फुंकर मारून साय बाजूला सारली, पेला स्वतःच्या गालाला लावून पाहिला, आणि कागदावर नसलेलं विचारलं, "झोपताना आई काय देती रं तुला?"

घर सोडल्यापासून मला असलं कुणी विचारलं नव्हतं. "काही नाही," मी म्हणालो, "पांघरूण घालते." आणि पेला घेऊन पिऊन टाकला. त्यात विष आहे, हे मी खरंच विसरलो होतो.

तो प्रश्न त्यांनी आधी ठरवला होता की तिथंच सुचला, हे विचारायचं राहिलं. पिक्चर आठवड्यात उतरला, मामांना पुन्हा कुणी बोलावलं नाही, आणि आता त्यांना जाऊनही दोन वर्षं होतील. कांडपावर मी बसतो.

पण तेव्हा पहिल्या खेळाला अख्खी पेठ आली होती. ते तिघं दूध पीत होते तेव्हा शिट्ट्या आणि आरडाओरडा, "आरं येड्या, वास तरी घे की!" पुढचा नंबर माझा, म्हणून मी खुर्चीत खाली खाली सरकत गेलो. माझा पेला आला आणि टॉकीज गप्प झाली. मागची एक बाई शेजारणीला म्हणाली, "मीबी पिली असती बाई."

बाहेर लोकांनी मामांना घेरलं. "व्हिलन एक नंबर, बाकी पिक्चर भंगार!" एवढी वर्षं वाट पाहिलेला त्यांचा पिक्चर डोळ्यांदेखत पडला होता. गर्दीतून वाट काढत ते माझ्यापाशी आले.

"तुज्यावर कोण हसलं का रं?"

"नाही मामा."

"मग पडू दे की पिक्चर."