झापड्याला पुढूनच हाक मारायची

झापड्याला मागून हाक मारून उपयोग नसे. तो वळायचाच नाही. काम असेल तर त्याला ओलांडून पुढे जायचं, तोंडासमोर उभं राहायचं आणि मग बोलायचं. टांग्याच्या घोड्याच्या डोळ्यांना झापडं बांधतात, त्यावरून कारखान्यात त्याचं हे नाव पडलं. शिफ्टच्या बसमध्ये तो नेहमी शेवटच्या बाकावर बसे, पाठीमागे कुणी राहू नये म्हणून. हॉटेलात भिंतीला पाठ लावून चहा पीत असे.

"तुझं लग्न झाल्यावर बायकोनं मागून हाक मारली तर?" कुणीतरी त्याला छेडलं.

"गरज असली का माणूस पुढं येतंय," तो म्हणाला आणि बशीतला चहा संपवला.

तो तारापूरच्या बाजूच्या मच्छीमार वस्तीतला, मी घाटावरून नोकरीसाठी बोईसरला आलेला. मी वयाने मोठा म्हणून मला भाऊ म्हणे. पोहणं त्याच्या अंगातच होतं. पुढे सायकल आणि धावणं त्याने स्वतःहून जोडलं. सुट्टीच्या दिवशी तो समुद्रात पोहून यायचा, ओल्या अंगाने सायकलवर बसून मनोर गाठून परतायचा आणि मग पालघरच्या रस्त्याला धावत सुटायचा. मी स्कूटरवर पाण्याची बाटली घेऊन त्याच्या पुढे जाऊन थांबत असे. ओरडून हुरूप द्यायचं काम माझं, पण त्याला अट होती. "भाऊ, वरडायचं ते पुढून. मी तुमाला पार केला का तोंड बंद."

एकदा कुंभवलीच्या अलीकडे तो मला ओलांडून गेला आणि थोड्या अंतरावर एकदम थांबला. मागे वळला आणि रस्त्यातच बसला. पायांत गोळे आले होते. मी जवळ गेलो तेव्हा म्हणाला, "तुमी हाक मारली?"

"मी गप्प उभा होतो."

"बारक्या म्हणून?"

हे नाव मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मग रस्त्याकडेला बसून त्याने सांगितलं. दर्यावर जाणाऱ्याला पाठून हाक मारायची नाही, अशी त्यांच्याकडे रीत. तो लहान असताना बाप होडीत चढत होता आणि याने किनाऱ्यावरून हाक मारली, मलाही न्या म्हणून. बाप वळला, हसला आणि गेला. होडी परत आली नाही. बारक्या हे नाव फक्त बाप घेत असे. अंग पार थकलं की ती हाक पाठीमागून येई.

"एकदा दर्यातून निघून शेवटापर्यंत न वळता जायाचं हाय," तो म्हणाला. "पोचलो तर त्याला माझ्यासंगं घरी यावं लागंल. त्या दिशी वळलो तर मला त्याच्यासंगं जावं लागंल."

मी हिशेबी माणूस. थकव्याने कान वाजतात, असं मी त्याला समजावलं. त्याने ऐकून घेतलं.

नव्वदच्या आसपास कारखान्याने आम्हा दोघांना नवीन यंत्र शिकायला जपानला पाठवलं. तिथल्या एका बेटावर दिवसभराची शर्यत होती: आधी समुद्रात पोहणं, मग सायकल, शेवटी बेचाळीस किलोमीटर धावणं. तिथल्या इंजिनिअरने सायकल दिली आणि याने नाव घातलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी माणसं टाळ्या वाजवत होती, त्यांच्या भाषेत मागूनही ओरडत होती. सायकलवरून उतरला तेव्हा मी विचारलं, हे चालतंय का. "त्यांचं लागू नाय," तो बुटाची नाडी बांधत म्हणाला. "त्यांना माजं नाव कुठं म्हाईत हाय?"

धावण्याच्या शेवटच्या टप्प्यात मी उसाच्या शेतांमधल्या वळणावर उभा होतो. ऊन उतरलं होतं आणि तिथे दुसरं कुणी नव्हतं. झापड्या आला. ओठ पांढरे पडले होते, डोळे माझ्यावर. मी ओरडलो. तो मला पार करून गेला आणि मी नेमाप्रमाणे तोंड मिटलं.

तेव्हा माझ्या मागून, तो जिकडून आला होता त्या बाजूने, आवाज आला. "बारक्या, थांब रं."

जेवायला बोलावतात तसा साधा, घाई नसलेला आवाज. मी रस्ता पाहिला. तो रिकामा होता. ऊस हलत नव्हता. त्या बेटावर आमच्याखेरीज मराठी जाणणारं कुणी नव्हतं. आणि पुढे झापड्याची चाल मंदावली होती, मान हळूहळू वळायला लागली होती.

मागून काही बोलायची सोय नव्हती. रस्ता पुढे वळसा घेत होता, म्हणून त्याला आडवा गाठायला मी उसात घुसलो. पात्यांनी हात सोलवटले. पलीकडे त्याच्यासमोर निघालो आणि जीव खाऊन ओरडलो, "झापड्या, इकडे बघ. मी इथे आहे."

त्याची मान जागेवर आली. मी उलट्या पावलांनी धावत राहिलो, तो माझ्या तोंडाकडे बघत येत राहिला. दिसेनासा झालो तर संपलं, एवढंच मला कळत होतं.

शेवटची रेघ ओलांडल्यावर तो थांबला आणि मगच वळला. रिकाम्या रस्त्याकडे बराच वेळ पाहिलं. मग दारातून कुणाला आत घ्यावं तसा एक पाऊल बाजूला सरकला. "ये बाबा," म्हणाला. मला विचारलं, "तुमी आयकला?"

"ऐकलं," मी म्हणालो. मग तो बसून भात जेवला.

परतल्यावर बसमध्ये तो मिळेल त्या बाकावर बसू लागला. वर्षभरात नोकरी सोडून गुजरातेत वेरावळकडे मासेमारीच्या मोठ्या बोटीवर निघाला. बोईसरच्या एसटी स्टँडवर मी एकटाच पोचवायला गेलो होतो.

"भाऊ, आज पाठून हाक मारा," तो म्हणाला. "बघू कसं वाटतंय."

तो बसकडे चालू लागला. मी हाक मारली. तो वळला, छान हसला. मग त्याची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली आणि वडीलधाऱ्यांपुढे झुकवतात तशी त्याने मान झुकवली. बस निघून गेली.

माझी स्कूटर माझ्या मागेच उभी होती. ती घ्यायला मागे वळायला मला बराच वेळ लागला.